चिखल किती टन आला?

फीनिक्स,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "ते तांब्याचे शेअर विकून टाक एकदाचे, जिवाला घोर नको." बाबा, तुम्ही मात्र एवढंच विचारलंत, "चिखल किती टन आला?" तेव्हा मीटिंगला पळत होतो, नीट सांगता आलं नाही.

सुमारे आठ लाख टन. ती तांब्याची खाण ग्रासबर्गची, इंडोनेशियातल्या पापुआत. वरची उघडी खाण २०१९ मध्ये संपली आणि काम जमिनीखाली गेलं. पद्धत आपल्या कोळशासारखी नाही. खनिजाचा साठा तळातून पोखरायचा, म्हणजे वरचा दगड स्वतःच्या भाराने फुटत खाली येतो, आणि तो खालून काढून घ्यायचा. ८ सप्टेंबरला वरच्या जुन्या खड्ड्यातला ओला माल एकदम आत उतरला. सात कामगार गेले. त्यातल्या पाच जणांचे देह हाती यायला ऑक्टोबर उजाडला.

तुम्ही धनबादजवळच्या चासनाल्याचं सांगायचात, १९७५ मध्ये कोळसा खाणीत पाणी शिरलं त्याचं. वरच्या पाण्याला कधी विसरायचं नाही, म्हणायचात. बातमी वाचताना तेच आठवलं.

पण ते आठवलं नंतर. २४ सप्टेंबरला खाण चालवणाऱ्या फ्रीपोर्ट कंपनीने ठरलेला पुरवठा करता येणार नाही असं कळवलं आणि एका दिवसात शेअर सुमारे १७ टक्के पडला. मी आधी माझे किती गेले तो आकडा पाहिला, माणसांचा नंतर. बल्लारपूरच्या खाणीत माणसांवर देखरेख करणाऱ्या ओव्हरमनचा मुलगा मी! (गंमत बघा, खाण बंद पडली म्हणून तांब्याचा भाव चढला आणि दुसऱ्या तांबे कंपन्यांचे शेअर वधारले.)

आता २०२६ चं तिथलं उत्पादन आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे ३५ टक्के कमी होईल, असं कंपनीने सप्टेंबरातच सांगितलं होतं. चिखल न शिरलेल्या दोन खाणी ऑक्टोबरअखेर सुरू झाल्या. मुख्य खाण पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीपासून, तीही टप्प्याटप्प्याने. इथे माझ्यासारखे शेअर घेतलेले मित्र म्हणतात, एवढा वेळ कशाला? मला उलटंच वाटतं. ती तारीख पुढे गेली तर मी थांबेन. अलीकडे ओढली, तर मात्र त्याच दिवशी विकेन.

आई, रक्कम माझ्या दोन महिन्यांच्या घरभाड्याएवढी आहे, काळजी करू नकोस. अवेळी खाणीचा भोंगा वाजला की गॅस बंद करून दारात उभं राहायची तुझी सवय माहीत आहे मला. तसा घोर या शेअरांचा नाही.

बाबा, एक विचारायचं होतं. खाणीत पाणी शिरल्यावर ते उपसून झालं, तरी तुम्ही लोक माणसं लगेच आत सोडत नव्हतात. किती दिवस थांबायचात? आणि कशावरून ठरवायचात? रविवारी फोन करतो, तेव्हा सांगा.

तुमचा,
मिलिंद