बंबांचा इतिहास सर्वांना पाहू द्या

अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त प्रसिद्ध झालेला लेख वाचला. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान कामावर असताना मृत्युमुखी पडले. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटके भरली होती, हे आज वाचतानाही खरे वाटत नाही. हा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ देशभर पाळला जातो. पण मुंबईतल्या किती मुलांना हे ठाऊक असेल?

भायखळ्याच्या मुख्यालयात स्मारक आहे, तिथे दरवर्षी मानवंदनाही होते. मात्र जुने बंब, पितळी शिरस्त्राणे, छायाचित्रे, नोंदवह्या असे जे काही जपले असेल ते एका दालनात मांडून निदान शनिवार-रविवारी सर्वांसाठी खुले करावे. राणीची बाग जवळच आहे, त्यामुळे प्रेक्षक शोधावे लागणार नाहीत. माहिती द्यायला निवृत्त जवान नेमावेत. जिन्यात सामान का रचू नये, हे पत्रकापेक्षा त्यांच्या तोंडून अधिक पटेल. २०१५च्या काळबादेवीच्या आगीत दलाने चार अधिकारी गमावले, तेही या दालनात असावेत.

– एक वाचक, परळ