पिशवीतली उरलेली लोकर आणि २१६ टोकं

प्रिय बये,

"काय चाललंय" असा तुझा मेसेज आला तेव्हा मी जमिनीवर बसून लोकर वजन करत होते, खोटं नाही सांगत, किचनमधला तो छोटा डिजिटल काटा समोर आणि बाजूला माझी ती पिशवी, तीच गं जी तू मागच्या वेळी उघडलीस आणि "हे काय उंदराचं घरटं आहे का" म्हणालीस. रिप्लाय मुद्दाम नाही दिला. दोन ओळीत उरकण्यासारखं नव्हतं, म्हटलं बसून नीट पत्रच लिहू, आणि तसंही तुझ्याकडे एक मागणी आहे पण ती शेवटी सांगते, आधी सांगितली तर तू पुढचं वाचणारच नाहीस.

तर मी स्कार्फ करतेय, क्रोशाचा, ग्रॅनी स्क्वेअर जोडून, म्हणजे मधून सुरू करून फेरीफेरीने बाहेर वाढवलेले छोटे चौकोन. आणि अट एकच की नवीन लोकर विकत घ्यायची नाही, जे काही जाईल ते त्या पिशवीतूनच जाईल. पिशवीत काय काय निघालं माहितेय? भाचीच्या टोपीतली उरलेली पिवळी, आईच्या शालीतली मरून, मी अर्ध्यात सोडलेल्या स्वेटरची शेवाळी हिरवी (त्याचं नाव काढू नकोस), एक भडक गुलाबी जी कुठून आली देव जाणे, आणि बाकी सगळे चिल्लर गुंडे, काही तर इतके छोटे की काट्यावर ठेवले तरी शून्यच दाखवतो. लेबल एकावरही नाही. प्रत्येक वेळी काहीतरी संपलं की उरलेलं फेकवत नाही म्हणून आत टाकायचं आणि वर गाठ मारायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं.

सुरुवात मी माझ्या नेहमीच्या शहाणपणाने केली. वही घेतली, चौकोन आखले, रंगीत पेन्सिली काढल्या, रुंदीला २ आणि लांबीला १८ असे ३६ चौकोन, कुठे कुठला रंग ते सगळं ठरवून टाकलं. आठ चौकोन झाले. शेजारी शेजारी मांडून बघितले तर दुकानातलं शेड कार्ड दिसत होतं गं, सगळं शिस्तीत आणि सगळं मेलेलं. वर नवव्या चौकोनाच्या शेवटच्या फेरीत पिवळी संपली, टाक्यांचे तीनच गट बाकी असताना! वहीत काय, वहीतली पिवळी कधी संपतच नाही.

मग जरा डोकं लावलं. तुला ग्रॅनी स्क्वेअर कसा असतो ते आठवतंय ना, मध्ये चार साखळ्यांची रिंग, तिच्यात तीन तीन खांबांचे (सुईवर एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका तो खांब) चार गट, आणि पुढच्या फेरीत प्रत्येक कोपऱ्याच्या पोकळीत दोन गट नि मध्ये साखळ्या, बस, असंच वाढवत जायचं. म्हणजे पहिल्या फेरीत ४ गट, दुसरीत ८, तिसरीत १२. मी एक अख्खा चौकोन एकाच रंगात केला, ४ मिमीच्या सुईने, नेहमीच्या ८ प्लायच्या लोकरीत, आणि काट्यावर ठेवला तर ६ ग्रॅम. आता हिशोब बघ, १ ग्रॅम मधल्या फेरीला, २ ग्रॅम दुसरीला, ३ ग्रॅम बाहेरच्या. थोडं इकडे तिकडे होतं पण साधारण हेच. शाळेत गुणोत्तर-प्रमाणाने मला रडवलं होतं आणि आता या वयात ते माझ्या कामी आलं, आहे की नाही गंमत.

त्या एका हिशोबाने सगळं सुटलं. वही बंद केली आणि तीन डबे घेतले. अगदीच चिल्लर, ग्रॅम-दीड ग्रॅमवाले तुकडे पहिल्या डब्यात, म्हणजे मधल्या फेरीसाठी. मधले दुसऱ्यात. आणि मोठे गुंडे बाहेरच्या फेरीला. कुठला रंग कुठे जाणार हे आता मी ठरवत नाही, किती उरलाय त्यावर ठरतं. डोळे मिटून प्रत्येक डब्यातून एक एक काढायचा, नियम फक्त एवढाच की शेजारच्या चौकोनाची बाहेरची फेरी त्याच रंगाची नको. आणि तुला सांगते, ज्या तुकड्यांना मी कचरा म्हणत होते ना, ते सगळे आता बरोब्बर मधोमध जाऊन बसलेत. ती भडक गुलाबी मोजून चार चौकोनांना पुरली आणि नजर जाते ती तिथेच.

डोळे मिटून काढलं म्हणजे सगळं छानच येतं असं नाही हं. एकदा नारिंगीभोवती हिरवी आली, हातात धरून बघताना मस्त वाटली, पण लांब ठेवली की चौकोन नुसता गढूळ. मग फोनवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट केला तर दोन्ही एकाच राखाडी रंगाचे! म्हणजे रंग वेगळे पण गडदपणा सारखाच. तेव्हापासून शंका आली की आधी दोन गुंडे शेजारी ठेवून फोटो काढते, एक गडद एक फिका दिसला तर पुढे, नाहीतर परत डब्यात.

आता घोळ सांगते, कारण घोळाशिवाय माझं काम झालंय कधी? व्हिडिओ बघून सुरू केलं होतं, मग लाइट गेले म्हणून एका छापील पॅटर्नवर आले. त्यात लिहिलेलं "ट्रेबल". मी इमानदारीत सुईवर दोन वेढे घेऊन उंच खांब घालत बसले, पाच चौकोन केले आणि ते आधीच्यांपेक्षा चांगले बोटभर मोठे, ढिले ढिले, जाळीसारखे. मला वाटलं माझा हात सैल पडलाय. तर पॅटर्न ब्रिटिश होता गं बाई! अमेरिकन लोक ज्याला डबल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटिश ट्रेबल म्हणतात, टाका एकच, नाव दोन, आणि वर अमेरिकन ट्रेबल हा वेगळाच उंच टाका. कुणी केलं हे असं? आपला "खांब" बरा, एक वेढा घ्या आणि गप विणा. पाचही उसवले.

दुसरा घोळ इस्त्रीचा. काही चौकोन कडेला वळत होते म्हणून मी वर ओला रुमाल टाकून इस्त्री फिरवली, दोन सरळ झाले, तिसरा पार लुळा पडला, चिंधीसारखा, परत ताठ होईना. तो अ‍ॅक्रिलिक होता, म्हणजे कृत्रिम धाग्याचा. अ‍ॅक्रिलिकला वाफ लांबून द्यायची, इस्त्री टेकवायची नाही, जास्त उष्णता लागली की त्याचा जीव जातो तो कायमचा. पण लेबलच नाही तर ओळखायचं कसं? मग एक एक धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघितला. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरडली जाते, अ‍ॅक्रिलिक मात्र वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. तीन संध्याकाळ घरभर तो केस जळका वास, घरातले वैतागले, पण आता मला माझ्या पिशवीतला प्रत्येक गुंडा जन्मकुंडलीसकट माहितेय. दोन्ही प्रकार एकाच स्कार्फमध्ये आहेत त्यामुळे धुताना थंड पाणी आणि हलका हात, गरम पाण्यात चोळला तर खऱ्या लोकरीचे चौकोन आटून घट्ट होतील आणि अ‍ॅक्रिलिकचे तसेच राहतील, मग घाल गळ्यात तो सुरकुतलेला साप.

अजून एक, ज्याकडे मी इतकी वर्षं लक्षच दिलं नव्हतं. चौकोन नेहमी एकाच बाजूने गोल गोल विणत गेलं की मधला भाग जरासा फिरल्यासारखा होतो, पिळल्यासारखा, कारण खांब सगळे एकाच दिशेला कलतात. उपाय काय, तर प्रत्येक फेरी संपली की काम उलटं करायचं आणि दुसऱ्या बाजूने पुढची फेरी. एवढंच! मी कायम आपल्या हातालाच दोष देत बसले होते.

मला एक वाचून फार मजा वाटली, या चौकोनाचा सगळ्यात जुना छापील पॅटर्न सापडतो तो १८८५ सालचा आणि छापला कुठे, तर प्रेअरी फार्मर नावाच्या अमेरिकन शेतकी नियतकालिकात. म्हणजे पिकंपाण्याच्या गप्पांमध्ये हा आपला चौकोन! आणि आजही खरा क्रोशा कारखान्यातल्या मशीनवर होत नाही, स्वेटरचं विणकाम मशीन करतं पण हे नाही, दुकानात खऱ्या क्रोशाची वस्तू दिसली की ती कुणीतरी हातानेच केलेली असते. हे कळल्यापासून स्वस्तातल्या क्रोशाच्या वस्तू बघवत नाहीत मला.

बरं, आता टोकं. हे कुणी आधी सांगत नाही बघ. एका चौकोनात तीन रंग म्हणजे सहा टोकं, गुणिले ३६, म्हणजे २१६. आणि लोकरही साधारण २१६ ग्रॅम लागणार, म्हणजे ग्रॅममागे एक टोक! पहिल्या बारा चौकोनांची टोकं "नंतर बघू" म्हणून लोंबत ठेवली आणि एका रविवारी जाड बोथट सुई घेऊन बसले ते मान धरेपर्यंत. नुसती गाठ मारून कापायचं नाही, गाठ सुटते नाहीतर बाहेर येऊन टोचते. धागा बोटभर लांब ठेवायचा आणि एकदा इकडून, एकदा तिकडून, परत एकदा उलटा असा खांबांच्या पोटातून फिरवायचा. तेराव्यापासून शहाणी झाले, नवा रंग लावला की जुनं टोक खांबांखाली धरून त्याच्यावरूनच विणत जाते, निम्मं काम तिथेच होतं.

२९ झालेत. एक चौकोन ९ सेंटिमीटरचा, म्हणजे पूर्ण झाला की १६२ सेंटिमीटर लांब, गळ्याभोवती दोन वेढे आरामात. आणि आता आली मागणी. हे सगळे भडक भडक चौकोन एकत्र धरायला जोडणीला एकच शांत रंग हवा, सगळ्या सांध्यांना आणि बाहेरच्या काठाला, आणि पिशवीत असा एकही गुंडा नाही जो तेवढा पुरेल. मी पांढरी लावून बघितली, फार ओरडते. मला करडी हवी. तुझी करडी.

हो, त्या ब्लँकेटची. जे दर ओळीला बारीक होत गेलं आणि शेवटी त्रिकोण झाला आणि तू सुई फेकून "माझं काम नाही हे" म्हणालीस. अगं तू दर ओळीचा शेवटचा टाका विसरत होतीस, ओळ पलटताना घालतो त्या साखळीवरचा, एवढंच झालं होतं, सगळ्यांचं होतं. मी तेव्हा बोलले नाही कारण तुझं तोंड बघण्यासारखं होतं. ग्रॅनीत ती भानगडच नाही, टाक्यात सुई घालायची नाही, पोकळीत घालायची, चार कोपरे आहेत का बघितलं की झालं. उरलेले सात मला तुझ्याकडूनच करून हवेत खरंतर. एक डबा घेऊन येते, नाही जमलं तर शिव्या घाल.

तोवर तो त्रिकोण उसवशील का? मला ५० ग्रॅमच्या आसपास लागेल, जास्त निघाली तर परत देते. उसवताना लगेच गुंडा करू नकोस, खुर्चीच्या पाठीला सैल गुंडाळत लडी कर, चार ठिकाणी दोऱ्याने ढिली बांध, साध्या पाण्यात बुडवून, न पिळता टॉवेलमध्ये दाबून टांगून ठेव, धाग्याच्या नागमोडी वळ्या सरळ होतील. आणि हो, एक छोटा तुकडा आधी जाळून बघ नि वास कसा येतो ते मला कळव.

तुझीच,
उंदरीण