मार्चअखेर आणि द्वादशी

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुमचे दोन प्रश्न ठरलेले असतात. आई विचारते, "जेवलीस का?" बाबा विचारतात, "हरिपाठ चालू आहे ना?" मी दोघांनाही "हो" म्हणते, तेवढ्यात कुणीतरी हाक मारतं आणि फोन ठेवावा लागतो. उत्तर खरं असतं, पण अपुरं असतं. आज 1 एप्रिल. वर्षअखेरच्या लेखाबंदीमुळे बँकेचे काउंटर बंद होते, दुपारीच घरी आले. मार्चभर मनात साठलेलं आज सावकाश लिहून काढते. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. आईचा चष्मा बदलायचा राहिलाय, हे मला माहीत आहे.

आधी जेवणाचं सांगते, म्हणजे आईचा जीव भांड्यात पडेल. इकडे निफाड तालुक्यात थंडीत घरोघर बाजरीची भाकरी आणि एरवी पोळ्या. ज्वारी दुकानात मिळते, पण आपल्याकडच्या मालदांडीची गोडी तिला नाही. बाबांनी पाठवलेली ज्वारी मी दर रविवारी आठवड्यापुरतीच दळून आणते. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग थापताना कडा फाटतात आणि उचलायला गेलं की भाकरी हातातच तुटते. मध्ये दोन रविवार कामातच गेले आणि डब्यात जुनंच पीठ राहिलं. तेव्हा आई, तुझ्या पद्धतीने उकड काढली: पाण्याला आधण आलं की चिमूटभर मीठ, वर पीठ, झाकण ठेवून गॅस बंद. कोमट झाल्यावर मळलं आणि भाकऱ्या टम्म फुगल्या. ज्वारीत गव्हाचा चिवटपणा मुळातच नसतो, तो गरम पाण्यानेच आणावा लागतो, हे तू कधी समजावून सांगितलं नाहीस. तुझे हात बघूनच ते कळलं होतं.

आता बाबांच्या प्रश्नाचं. माझा हरिपाठ देवापुढे बसून होत नाही, तो ओट्यापाशी होतो. रात्री साडेआठ-नऊला घरात शिरते, हातपाय धुते, देवाला दिवा लावते आणि परात घेते. पीठ मळताना सुरुवात होते. भाकरी थापायला लागले की तोंडाने अभंग आणि हाताने परातीत भाकरी, दोन्ही गोल फिरत राहतं. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी पुरतं सुकायच्या आत ती उलटायची, नाहीतर तिला भेगा पडतात. खालची बाजू भाजली की तवा बाजूला आणि भाकरी थेट जाळावर. या सगळ्यात एक क्षणही नजर हलवून चालत नाही. दिवसभर माझं मन ज्या आकड्यांमागे धावत असतं, त्यांना तेवढ्या वेळात शिरायला जागाच उरत नाही. मला वाटतं बाबा, तुम्हाला पहाटे काकड्याला बसून जे मिळतं, त्यातलं थोडं मला तिथे मिळतं.

रोज मिळतं असं मात्र नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तोंडाने हरिपाठ चालू असायचा आणि डोक्यात वसुलीची यादी. एखाद्या रात्री संपल्यावर लक्षात यायचं, आपण काय म्हटलं ते आपल्याच कानांवर पडलं नाही. तरी सोडला नाही. तुम्ही एसटीत असताना रात्री डेपोत वेबिल लिहून, रोकड भरून, दमून घरी यायचात आणि पेंगत पेंगत का होईना पण माळ ओढायचात. ‘मन लागलं नाही म्हणून नाम वाया जात नाही’, असं तुम्ही तेव्हा आईला म्हणायचात. मी शेजारच्या खोलीत अभ्यास करत असायचे. ते वाक्य या महिन्यात मला उपयोगी पडलं.

कामाचा ताण कसला असतो ते तुम्हाला नीट सांगितलंच नाही कधी. मार्चअखेर म्हणजे शाखेच्या वर्षभराच्या कामाचा निकाल. किती ठेवी आल्या, किती कर्ज वसूल झालं, किती खाती थकली, सगळं 31 तारखेच्या रात्री गोठतं. मोटारसायकलीचा किंवा घराचा हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की ते खातं बँकेच्या भाषेत एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होतं. कमी मुदतीच्या पिकांच्या कर्जाला दोन हंगामांची सवलत असते. प्रत्येक थकलेल्या खात्यासाठी बँकेला नफ्यातून पैसे बाजूला काढावे लागतात, म्हणून वरून दर दोन तासांनी फोन: आकडा किती झाला, अजून किती होईल, कुणाकुणाला बोलावलं? साहेब वाईट नाहीत, त्यांनाही वरून तेच ऐकावं लागतं. पण ऐकून ऐकून माणसाचा आवाज बदलतो. पुढचा फोन आपण शेतकऱ्याला लावतो तेव्हा तोच बदललेला आवाज आपल्या तोंडून निघतो. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटते. काम जास्त असलं तर ते रात्री संपतं, आवाज मात्र अंगवळणी पडू शकतो.

यंदा चैत्री एकादशी नेमकी या धामधुमीत आली. पंढरपूरला जाणं शक्य नव्हतं, उपवास मात्र केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बारस सोडायला साधं वरण-भात केलं, वर तूप आणि लिंबाची फोड, आणि तसाच डबा भरून घेतला. कुकरची शिट्टी व्हायची वाट बघताना आईची अंबरीषाची गोष्ट आठवली. अंबरीषाला पावलेल्या भगवंताच्या बार्शीत वाढलेल्या पोरीला ती पाठच असते. पण लहानपणी मला त्यातलं सुदर्शन चक्र तेवढं आवडायचं. चक्र मागे लागलंय आणि दुर्वास तिन्ही लोकांत पळतोय, हे तू इतकं रंगवून सांगायचीस की बाकीची गोष्ट मागे पडायची.

या वेळी मन अडलं ते त्याच्या आधीच्या प्रसंगावर. अंबरीषाचं एकादशीचं व्रत. द्वादशी असेपर्यंत पारणं फेडलंच पाहिजे. आणि जेवायला बोलावलेले दुर्वास ऋषी नदीवर स्नानाला गेलेले, परतायचं नाव नाही. अतिथीच्या आधी जेवलं तर त्याचा अपमान, तिथी टळू दिली तर व्रत मोडलं. दोन्हीकडे खरंच कर्तव्य आहे. तो रागावत नाही, घाबरून ताटावर बसत नाही, आपल्या मनाने काही ठरवतही नाही. जाणत्या ब्राह्मणांना विचारतो. ते सांगतात, नुसतं पाणी घे, पाणी घेणं हे जेवणंही आहे आणि न जेवणंही. तो तेवढंच करतो. नंतर दुर्वासाचा कोप व्हायचा तो होतोच. पण अंबरीषाने घाईत कुणालाच लाथाडलं नाही, ही गोष्ट मला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा दिसली.

त्याच दिवशी दुपारी एक काका शाखेत आले. उन्हाळ कांदा करणारे, वय बाबांएवढं. यादीत नाव होतं म्हणून त्यांना फोन गेला होता. कांदा अजून वावरात, काढणीला आठ-दहा दिवस बाकी, आणि मार्चअखेरीस बाजार समितीतले लिलावही काही दिवस बंद राहतात. काढला असता तरी विकणार कुठे? काका म्हणाले, "ताई, गावात एक जण महिन्याच्या बोलीवर पैसे द्यायला तयार आहे. उद्या आणून भरतो, पण खातं खराब करू नका." महिन्याच्या बोलीवर म्हणजे कसलं व्याज, ते तुम्हाला सांगायला नको. बोलताना ते टोपी काढून हातात घेऊन उभे होते. बाबा, माझ्या डोळ्यांसमोर तुम्हीच आलात.

मी त्यांना बसवलं आणि फाइल काढली. कर्ज रब्बीचं होतं. खरिपाच्या कर्जाची मुदत 31 मार्च, पण रब्बीची 30 जून. शाखेचा आकडा वाढावा म्हणून मुदत न संपलेल्यांनाही ‘जमलं तर भरा’ असे फोन चालले होते, आणि ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत त्यातलं ‘जमलं तर’ पोचतच नव्हतं. तरी मी एकटीने ठरवलं नाही. आमच्याकडे निवृत्तीला आलेले एक वरिष्ठ आहेत, शेतीकर्जाचे नियम त्यांना तोंडपाठ. त्यांना विचारलं, परिपत्रक उघडून दोघांनी बघितलं. मग काकांना सांगितलं: तुमची मुदत जूनपर्यंत आहे, सावकाराकडे जाऊ नका, कांदा काढा, विका आणि मग भरा. 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला 7 टक्के व्याज लागतं, वेळेत फेडणाऱ्याला त्यातली 3 टक्के केंद्राकडून परत मिळतात, तो फायदाही तुमचा कुठे जात नाही. ते दोनदा विचारून गेले, "नक्की ना ताई?" मी मुदतीची तारीख कागदावर लिहून, सही करून दिली.

संध्याकाळी साहेबांना स्वतःहून जाऊन सांगितलं की हा आकडा या महिन्यात येणार नाही, आणि का येणार नाही. ते चिडले, बराच वेळ बोलले. मी ऐकून घेतलं. हात थरथरत होते, पण आवाज चढला नाही. घरी येऊन परात घेतली तेव्हा रडू आलं, ते मात्र आवरलं नाही. हे फोनवर सांगितलं असतं तर आईने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नसता. आता सगळं पार पडलंय, म्हणून लिहितेय. काल रात्री साहेबांनीच सगळ्यांसाठी वडापाव मागवले आणि मला म्हणाले, त्या रब्बीच्या बाकीच्या खात्यांची पण यादी काढून ठेव. तेवढं मला पुरेसं होतं.

बाबा, तुम्ही नेहमी म्हणता की देवावर भार टाक. मी टाकते. पण माझ्या कामाचा भार त्याने कधी कमी केलेला मला दिसला नाही. ढीग तेवढाच असतो, फोन तेवढेच वाजतात. मला त्याच्याकडून वेगळंच मिळतं. समोर टोपी हातात घेऊन उभा असलेला माणूस मला यादीतला क्रमांक वाटत नाही, माणूस वाटतो. ते टिकावं म्हणून मी हरिपाठ धरून ठेवलाय. आणि भाकरीही. दिवसभर कुणाकडून तरी काही मागणारे हात रात्री काहीतरी थापतात, भाजतात, कुणालातरी वाढतात, याची मला गरज आहे. आमच्या शाखेत वाशीमकडचा एक नवा पोरगा लागलाय, खोलीवर राहतो, रोज दुपारी बिस्किटं खायचा. आता मी दोन भाकऱ्या जास्त नेते. तुझ्या शेंगाच्या चटणीची बरणी त्यानेच अर्धी संपवली आई. तुला आनंद होईल म्हणून सांगते.

आता थोडं तुमच्याबद्दल. बाबा, एकादशीला तुम्ही साखरेची गोळी नेहमीसारखी घेऊन दिवसभर नुसत्या चहावर राहता, हे मला आईकडून कळलंय. साखर एकदम खाली गेली की चक्कर येते, तोल जातो. उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंदही करू नका. उपवास करू नका असं मी म्हणणार नाही, पण अंबरीषानेही जाणत्यांना विचारलं होतं. आणि आई, भगरीचं सुटं पीठ आणू नकोस. ओल लागलेल्या जुन्या भगरीला बुरशी धरते, त्यातून विषबाधा होते. अख्खी भगर पाकीटबंद आण, निवडून, धुऊन घे आणि लागेल तेवढीच घरी दळ. आमटीत मिरची कमी घाल, बाबांचं पित्त आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

चष्म्याचं पुढे ढकलू नका. मी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या आत चार दिवस येतेय, रजा मंजूर झाली आहे. आल्यावर आधी डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ, मग भगवंताला. येताना द्राक्षं आणि इकडचा कांदा घेऊन येईन, तुम्ही बाजारातून आणून ठेवू नका. जाताना मला आमटीचा येसर मसाला हवाय, मागच्यापेक्षा थोडा जास्त. ज्वारी पायलीभर पुरे. आणि आई, यंदा येसर भाजताना मी शेजारी उभी राहणार आहे. धणे नेमके कोणत्या रंगावर उतरवायचे, ते तुला सांगता येत नाही आणि मला फोनवर कळत नाही.

पोचल्यावर आणखी बोलू.

तुमची,
लेक