बाहुलीनाट्याची तालीम: सर्व सभासदांना आठवण

सभासदहो, नमस्कार. अंगणवाडीतल्या मुलांसाठी बसवत असलेल्या डेंग्यूच्या बाहुलीनाट्याची तालीम येत्या रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत आहे. कृपया वेळेवर या.

खेळ २० मिनिटांतच आटपायचा, त्यापुढे एवढी लहान मुलं चुळबुळ करतात. सांगायचं एकच: डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी साठवलेल्या स्वच्छ पाण्याजवळ अंडी घालते, आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा घासून कोरडी करायची. बाकीची माहिती कितीही महत्त्वाची असली तरी या खेळात कोंबू नये, असं मला मनापासून वाटतं.

डासाची बाहुली काळ्या पायमोज्याची झाली आहे. पायांवरचे पांढरे पट्टे तेवढे लोकरीने शिवायचे राहिलेत. मुलं डास ओळखतील ते त्या पट्ट्यांवरूनच. तालमीला सुई-दोरा आणि पडद्यासाठी एक गडद रंगाची, जाड चादर कोणीतरी नक्की आणा. पातळ कापडातून मागच्या माणसांच्या सावल्या दिसतात.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या ठाकर कलाकारांचा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिलाय, त्यांनी हालचाली बसवायला पुढे यावं. ज्यांना तालमीला यायला जमणार नाही, त्यांनी शनिवारपर्यंत कळवा.