खोट्या ‘अपडेट’चं पोट फाडून दाखवणाऱ्यांना

ट्रस्टवेव्ह या सायबर सुरक्षा कंपनीच्या स्पायडरलॅब्ज या विभागातील संशोधकहो,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर २०१९ मध्ये तुम्ही विंडोज अपडेटच्या नावाने फिरणारा एक खोटा मेल उलगडून सगळ्यांपुढे ठेवलात. लोकांचे कॉम्प्युटर सांभाळणारे आम्ही नवख्यांना शिकवताना आजही तोच नमुना दाखवतो. मनापासून आभार!

‘सावध राहा’ एवढं सांगून तुम्ही थांबला नाहीत. मेलचा विषय तातडीचा, मजकूर जेमतेम एका ओळीचा, आणि त्यातल्या ‘प्लीज’ची पहिली दोन्ही अक्षरं कॅपिटल. जोडलेली फाइल साधारण २८ केबीची. नावापुढे जेपीजी, आत मात्र प्रोग्राम! विंडोजचं दर महिन्याचं अपडेट शेकडो एमबीचं असतं, हे माहीत असलेल्याला इथेच शंका यायला हवी. हा प्रोग्राम गिटहबवरून (प्रोग्रामचा कोड ठेवायच्या साइटवरून) ‘सायबॉर्ग’ नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्राम, उतरवायचा आणि फाइली कुलूपबंद होऊन त्यांच्या नावापुढे ७७७ लागायचं. ते रॅन्समवेअर तयार करायचं आयतं साधनही गिटहबवर पडलं होतं, हे तुम्ही शोधलंत. आमच्या मते तुमचं सर्वांत मोलाचं काम हेच. कारण असं साधन कुणाच्याही हाती लागू शकत असेल, तर नावं पाठ करून भागत नाही, पुढचा मेल वेगळ्या नावाने येणार.

म्हणून आम्ही सवयी लावतो. मायक्रोसॉफ्ट मेलला जोडून अपडेट पाठवत नाही. शंका आली तर मेलमधलं काहीही न दाबता सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडून तपासायचं. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू ठेवायचं, नाहीतर नावाच्या शेवटचं ‘ईएक्सई’, म्हणजे प्रोग्रामची खूण, लपतं आणि ‘पीडीएफ.ईएक्सई’ अशी फाइल नुसती पीडीएफ वाटते. पाठवणाऱ्याचं नाव तर कुणीही काहीही टाकतो. जीमेलच्या ‘शो ओरिजिनल’मध्ये एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या मेल खरंच त्या डोमेनवरून (पत्त्यातल्या @ पुढच्या भागावरून) आला का हे तपासणाऱ्या चाचण्यांचे निकाल दिसतात, पण ‘पास’ पाहून हुरळायचं नाही. भामट्याचं स्वतःचं डोमेनही पास होतं, म्हणून डोमेन अक्षर न् अक्षर वाचायचं.

फाइल उघडली गेलीच, तर आधी वायफाय बंद, केबल बाहेर. घाबरून बॅकअपची हार्ड डिस्क जोडली की तीही कुलूपबंद होण्याची भीती, ती लांबच ठेवायची. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदलायचे. भारतात पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

एक विनंती: मेलचा मूळ मजकूर आणि फाइलचा आकार पुढेही असाच देत जा. शिकवताना तेच सगळ्यात जास्त कामी येतं.

आपले,
कॉम्प्युटर सांभाळणारे काही जण