स्पंज पिळायला हात लागतो

मा. संपादक, स.न.

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं तेव्हापासून आपल्या पेपरात एमओएफवर (धातूचे अणू सेंद्रिय रेणूंच्या दांड्यांनी जोडून बनवलेल्या, छिद्रांनी भरलेल्या स्फटिक चौकटी) अधूनमधून काहीतरी येतं, छान वाटतं, पण दरवेळी तेच, 'गॅस शोषणारा स्पंज'. मुळात ते शोषण नाही, अधिशोषण आहे, रेणू छिद्रांच्या भिंतीला चिकटतात. बरं तेही सोडा.

खरी गंमत राहूनच जाते. या चौकटी सगळ्याच दगडासारख्या ताठ नसतात, काही लवचिक असतात, कितागावांनी हे १९९८ मध्येच मांडलं होतं. एमआयएल-५३ नावाची एक चौकट तर गॅस आत जाताना आधी आकसते आणि दाब वाढला की परत फुलते, संशोधक त्याला श्वास घेणंच म्हणतात. पण कडी केली ती डीयूटी-४९ ने. ड्रेस्डेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत कास्केल यांच्या ग्रुपने २०१६ मध्ये नेचरमध्ये छापलं की उणे १६२ डिग्री सेल्सियसला मिथेन भरत गेलं तर एका टप्प्यावर ही चौकट आतला गॅस बाहेर फेकते! साध्या खोलीच्या तापमानाला ब्युटेननेही तेच होतं.

आता हे मशीनवर कसं दिसतं बघा. चौकटीची पावडर ठेवलेल्या बंद नळीत थोडा गॅस सोडायचा आणि वाट बघायची, पावडर गॅस धरते तसा दाब उतरत जाऊन स्थिर होतो, नेहमीचं आहे. इथे मात्र दाब उतरता उतरता उलटा चढायला लागतो. माझ्यासमोर असं झालं असतं तर मी आधी लीक शोधत बसलो असतो, मग व्हॉल्व्ह, मग सेन्सर, आणि शेवटी पावडरला शिव्या.

कारण असं की अर्धवट भरलेल्या मोठ्या छिद्रात रेणूंना ऐसपैस बसण्यापेक्षा अरुंद जागेत भिंतींना खेटून बसणं ऊर्जेच्या हिशेबात परवडतं, पण चौकटीतल्या लांब सेंद्रिय दांड्या काही काळ ताण सहन करत उभ्या राहतात आणि मग एकदम वाकतात, स्फटिकाचं आकारमान निम्म्याहून कमी होतं आणि जेवढा गॅस मावत नाही तो बाहेर. दाब आणखी वाढवला की चौकट परत उघडते आणि नव्याने भरते. स्फटिक फार बारीक, मायक्रोमीटरच्या खालचे असले तर हा झटका मिळत नाही, म्हणजे तोच पदार्थ नुसता बारीक केला की वागणं बदललं, मला तर हेच जास्त चक्रावून टाकतं.

स्पंज पिळला की पाणी बाहेर येतं असं कोणी म्हणेल, पण पिळायला हात लागतो हो, इथे पिळणारा आत शिरलेला गॅसच आहे. पुढच्या लेखात स्पंजच्या फोटोऐवजी दाब वाढतो तसा किती गॅस धरला हे दाखवणारा, मध्येच खाली घसरणारा ग्राफ छापा की, अर्ध्या कॉलमात बसेल.

– आपला एक नेहमीचा वाचक