अलिबाग ते मुरूड, तुमच्या गुडघ्यांच्या नजरेने

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर नीट बोलणं झालं नाही. मागे धाकट्याचं रडणं चालू होतं आणि बाबांनी नेहमीप्रमाणे "बरं, जपून राहा" म्हणून फोन ठेवला. म्हणून हे पत्र. त्यात एक भांडणही आहे. निघण्याआधी बाबा म्हणाले होते, "तुम्ही पोरांना घेऊन जा, आम्ही कशाला मध्ये अडचण?" त्याचं उत्तर देणार आहे.

माघ वद्य पंचमी बघूनच निघालो. बाबा, तुमचा हर्णे बंदरातला हिशोब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेदहाच्या आसपास. तुमच्या जावयांनी मोबाइलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढून ताडून पाहिलं. फारसा फरक नव्हता. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला, मी काही बोलले नाही.

पनवेलहून सातला निघालो आणि साडेनऊच्या आत अलिबागच्या किनाऱ्यावर होतो. पाणी मागे सरलेलं, कुलाबा किल्ल्यापर्यंतची वाळू उघडी पडलेली. मी आईच्या गुडघ्यांचा विचार करत होते आणि समोर घोडागाड्या उभ्या! बसायची जागा उंच आहे, चढताना हात द्यावा लागेल, पण एकदा बसलं की थेट किल्ल्यापाशी. आम्ही मात्र चालत गेलो. खरं तर चाललो असं म्हणवत नाही. थोरलीला वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसली आणि ती तिथेच उकिडवी बसली. इवलेसे खेकडे वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाहेर टाकतात. हालचाल झाली की बिळात गडप. मग हलायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं बसायचं. एरवी जेवताना दोन मिनिटं एका जागी न बसणारी ही पोरं! वाटेतल्या खडकांना कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची धार पायाला लागते. चपला काढू नका.

किल्ल्यावर गेल्यावर बाबांची फार आठवण झाली. आयुष्य बांधकाम खात्यात काढलेल्या माणसाने ही तटबंदी बघायलाच हवी. भले मोठे दगड, आणि मध्ये चुना नाहीच. नुसते एकावर एक रचलेले. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. शिवाजी महाराजांनी अगदी अखेरच्या काळात हे काम सुरू करायला लावलं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथूनच आरमार चालवलं. तुम्ही असता तर प्रत्येक सांध्यात बोट घालून बघितलं असतंत आणि धाकटा तुमच्या मागे तेच करत फिरला असता. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, गोड्या पाण्याचं तळं आहे. समुद्रात गोडं पाणी कसं, हा प्रश्न थोरलीने दिवसभर प्रत्येकाला विचारला. आई, देवळापाशी सावली आहे आणि बसायला जागाही.

परतताना गावातल्या चुंबकीय वेधशाळेवरून गेलो. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी पूर्वी मुंबईच्या कुलाब्याला व्हायच्या. तिथे विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर ते काम 1904 मध्ये इथे हलवलं. ट्रामपासून पळालेली वेधशाळा! जावयांना याचं भारी कौतुक वाटलं, पोरांना शून्य.

रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला गेलो. किल्ला डोंगरावर आहे, तो तुमच्यासाठी नाही, स्पष्टच सांगते. आमच्यासाठीही नव्हता, कारण धाकट्याने अर्ध्या वाटेत कडेवर घे म्हणून बसकण मारली. पण खाली दीपगृहापर्यंत गाडी जाते आणि तिथून समुद्र पाहिला की वर न गेल्याची रुखरुख राहत नाही. गावात दोन आज्या ओट्यावर बसून काहीतरी बोलत होत्या. मराठी वाटेना, कोंकणीही नाही. पोर्तुगीज अमलात इथे रुजलेली ही बोली, त्या तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी बोली घराघरात टिकून आहे.

काशीदला सुरूच्या सावलीत डबे उघडले. वाळू पांढरी, सुरेख, पण किनारा एकदम खोल होतो आणि परतणारं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं. पोरांना घोट्यापर्यंतच सोडलं, तेही हात धरून. यावरून बरीच रडारड झाली.

पुढच्या वळणांवर थोरलीला उलटी झाली, मागे बसून मोबाइल बघत होती म्हणून. मग तिला पुढे बसवून लांबवर बघायला लावलं. या गोंधळात जंजिऱ्याला जाणं रद्दच केलं. राजपुरीच्या वरच्या रस्त्यावरून तो पाण्यात बसलेला दिसतो, तेवढं पुरलं. तुम्हालाही तेवढंच करू. होडीतून दरवाज्याच्या पायऱ्यांवर उतरताना होडी हलत असते आणि आईला मी तिथे उतरू देणार नाही.

आता बाबा, हिशोब करा. दर तासाला थांबलो. प्रत्येक ठिकाणी आधी सावली शोधली, मग शौचालय. चढ दिसला की माघार. दुपारी दोघं झोपली म्हणून गाडी झाडाखाली लावून आम्हीही पडलो. यात तुम्ही दोघं असतात तर कोणाचा खोळंबा झाला असता? उलट खेकड्यांपाशी बसायला एक आजोबा मिळाले असते आणि मला चार क्षण समुद्राकडे बघता आलं असतं.

परतीच्या वाटेवर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा घेतल्या. एक आईसाठी स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगून ठेवली आहे. पाठवणार नाही, येऊन घेऊन जा.

फाल्गुन शुद्ध चतुर्थी किंवा पंचमी चालेल, त्यानंतर ऊन फार होईल. बाबांनी पंचांग बघून तारीख कळवायची. आईचा गुडघ्याचा पट्टा आणि दोघांच्या रबरी चपला आठवणीने आणा. साताऱ्याहून आदल्या दिवशी निघा, म्हणजे सकाळी घाई होणार नाही.

तुमची,
लेक